द्वारकाअक्कांचं कोपर

जळगावात माझ्या वर्गाला लोक ‘झोपेचा क्लास’ म्हणत. धुळ्यात ‘झोपानी शाळा’. पाटीवर ‘सावकाश हालचाल वर्ग’ असं लिहिलेलं होतं, पण पाटी वाचून आलेला माणूस नऊ वर्षांत मला आठवत नाही. जे आले ते कोणाच्या तरी सांगण्यावरून आले. सांगणाऱ्यानं एवढंच सांगितलेलं असे, की तिथे सतरंजीवर आडवं व्हायचं, बाई हळूहळू बोलत राहतात आणि दुखणं कमी होतं. तिन्ही गोष्टी खऱ्या होत्या. तिसरी नेहमी नाही.

बाहेरच्या माणसाला हे काम समजावून सांगणं अवघड जातं, कारण त्यात दिसण्यासारखं काही घडत नाही. हा व्यायाम नाही, योगासनं नाहीत, मालीशही नाही. माणूस सतरंजीवर उताणा झोपतो. त्याला सांगायचं, उजवा खांदा कानाकडे सरकवा, जितका सरकतो त्याच्या अर्धाच. आता त्याच्याही अर्धा. आता थांबा. श्वास कुठे अडला? डाव्या बाजूला काही हललं का? मग तेच पुन्हा, आणखी सावकाश. दुखायला लागण्याच्या अलीकडे थांबायचं, हा एकच कडक नियम.

जुनं दुखणं असलेलं शरीर दुखऱ्या जागेभोवती पहारा बसवतं. दुखण्याचं कारण संपलं तरी पहारा उठत नाही. स्नायू आवळलेलेच राहतात आणि माणसाला ते कळतही नाही, कारण तीच त्याची सवय झालेली असते. छोट्या, बिनधोक हालचालींतून शरीराला उमगतं की इथे आता भीती नाही, आणि पहारा सैल होतो. प्रत्येकाचा होतोच असं नाही. डॉक्टरांना दाखवून आल्याशिवाय मी कोणालाही सतरंजीवर घेत नसे.

वर्ग सुरू करण्याआधी बावीस वर्षं मी जळगावच्या एका दैनिकात उपसंपादक होते. मानेच्या दुखण्यानं नोकरी सुटली. त्याच दुखण्यापायी पुण्यात एका जाणत्या बाईंकडे हे काम शिकले. माझी मान पूर्ण बरी झाली नाही. ती केव्हा आखडणार हे मला आता आधी कळतं, आणि तेवढ्यावर दिवस निभावतो.

संपादकीय टेबलावरची एक सवय मी वर्गात आणली. बातमीदाराला आम्ही विचारत असू: कोण, काय, कुठे, केव्हा, कसं. हेच प्रश्न दुखण्याला विचारायला मी शिकवू लागले. ‘खांदा दुखतो’ ही बातमी नव्हे, ते नुसतं शीर्षक झालं. खांद्यात कुठे? पुढे की मागे? केव्हा, हात उचलताना की खाली आणताना? ठणकतो, ओढतो की जळतो? ‘का’ हा प्रश्न मी गाळला होता. ‘का’ची जागा अग्रलेखात, आणि दुखण्यावर अग्रलेख लिहिणारे नातेवाईक प्रत्येकाच्या घरी असतातच.

ही पद्धत चालते याचा पुरावा मला धुळ्यात मिळाला. दर गुरुवारी मी एसटीनं तिथे जाई आणि एका शाळेच्या सभागृहात दोन तास वर्ग घेई. एसटीतूनच निवृत्त झालेले एक चालक कंबर आणि डावा खुबा धरून आले. सगळे त्यांना नाना म्हणत; बोलणं अस्सल अहिराणी. पहिल्या दिवशी नाना पाच मिनिटांत घोरू लागले. दुसऱ्या खेपेला मी त्यांना प्रश्न विचारून विचारून जागं ठेवलं.

“नाना, कोणता पाय जड वाटतो?”

“डावा.”

“कुठे जड? मांडीत, पोटरीत, की पावलात?”

नानांनी डोळे मिटून घेतले. मग म्हणाले, “ताई, पाय टेकेलच नही.”

खरंच टेकलेला नव्हता. टाच सतरंजीवर होती, पण पाऊल घोट्यातून ताणलेलं होतं, काहीतरी दाबायच्या तयारीत.

“क्लच,” नाना म्हणाले. “गाडी तीन वरीस पहिले डेपोम्हा लावी दिधी. मना पाय आजून गाडीवरच शे.”

सगळा वर्ग हसला. नानाही पडल्या पडल्या हसले, आणि हसता हसता त्यांचं पाऊल बाहेरच्या बाजूला कललं. तीन वर्षांत पहिल्यांदा, असं ते नंतर सांगत. दोन महिन्यांत खुबा बराचसा मोकळा झाला. नव्यानं येणाऱ्या माणसाला नाना दारातच बजावत, “आठे दुखनानी फिर्याद लिखनी पडस. बाई पेपरवाली शे, बठ्ठं इचारस.”

नानांचं प्रकरण मी पुढे कितीतरी जणांना उदाहरण म्हणून सांगितलं. त्यातली एक गोष्ट माझ्या लक्षात आली नव्हती. नानांची गाडी खरोखरच डेपोत लागलेली होती. त्या पायाकडून आता कोणाला काही काम करून घ्यायचं नव्हतं.

जळगावच्या वर्गात मंगल नावाची एक शिक्षिका कंबरेसाठी येत असे. एका वर्षी माघात तिनं आपल्या आईला आणलं. द्वारकाअक्का, राहणार पारोळा, वय साठीच्या पुढे. उजवा हात खांद्याच्या वर जात नव्हता. अंबाडा सून घालून द्यायची. रात्री त्या कुशीवर झोपता येत नव्हतं. धुळ्याच्या डॉक्टरांनी फोटो काढला, गोळ्या दिल्या, व्यायाम लिहून दिले आणि काम बंद करायला सांगितलं.

“ती बंद करत नाही,” मंगल म्हणाली. “तुम्हीच सांगा तिला.”

काम म्हणजे मांडे. खानदेशाबाहेरच्या वाचकांना पुरणपोळी माहीत असते, मांडा पाहिलेला नसतो. पुरण भरलेला उंडा पोळपाटावर तळहाताएवढा लाटायचा आणि मग दोन्ही हातांवर घ्यायचा. तिथून पुढे लाटणं नाही. मांडा तळहातावरून मनगटावर, मनगटावरून कोपराकडे फिरत जातो, स्वतःच्या वजनानं पसरत जातो, जुन्या धोतरासारखा पातळ होतो आणि एका झटक्यात चुलीवरच्या पालथ्या खापरावर पडतो. पुरण सगळीकडे सारखं पसरलेलं असावं लागतं आणि एकही भोक चालत नाही. चांगल्या हाताला याला श्वास घेऊन सोडण्याइतका वेळ लागतो. अक्कांचा हात पारोळ्यात सगळ्यांत चांगला मानला जाई. लग्नाची तारीख धरण्याआधी लोक त्यांना विचारून जात, असं मंगल म्हणाली. मी ते अर्धं खरं मानलं. नंतर कळलं, पूर्ण खरं होतं.

अक्का लेकीचं बोलणं शांतपणे ऐकत होत्या. मग माझ्याकडे वळल्या.

“ताई, डागतर सांगस बंद कर. त्यानी पोरना लगीनम्हा मांडा कोन कया? मीच कया. तवय नही सांगं बंद कर.” मंगल हसली तशी त्यांनी तिला हातानं गप्प केलं. “माले बाकी काही नको. अखाजीले माले खापरवर बसनं शे. तितलं करी दे.”

अखाजी म्हणजे अक्षय तृतीया. आमच्याकडे तिला दिवाळीइतका मान. सासरी गेलेल्या मुली त्या दिवशी माहेरी येतात, आणि अक्कांच्या गल्लीत आलेली प्रत्येक माहेरवाशीण आमरसाबरोबर अक्कांच्या हातचा मांडा खाऊनच परत जाई. अडीच महिने होते. मी म्हटलं, “प्रयत्न करू.” हे उत्तर मला आजही बरोबर वाटतं. चूक नंतर झाली.

अक्का तीन आठवडे लेकीकडे राहिल्या. माझ्याकडे आलेल्या सगळ्या माणसांत शरीराची इतकी बारीक जाण मी दुसऱ्या कोणात पाहिली नाही. बहुतेकांना अर्धी हालचाल म्हणजे काय हे समजायलाच दोन आठवडे लागतात. ते जोर लावतात, कारण जोर लावल्याशिवाय गुण येतो यावर त्यांचा विश्वास नसतो. अक्कांनी पहिल्याच दिवशी खांदा गव्हाच्या दाण्याएवढा सरकवला आणि थांबल्या. मी माझे प्रश्न विचारले.

“अक्का, दुखतं कसं?”

“चुलाम्हा वल्लं लाकूड घालं का कसं व्हस? जाय नही, नुसता धूर. तसं.”

“आणि कुठे?”

“मव्हरे नही. पाठनी पाटी शे ना, तिना खाले. तठून धूर निंघस नी मानम्हा भरास.”

जाय म्हणजे जाळ, पाठीची पाटी म्हणजे खवाटा. इतकं नेमकं वार्तांकन मला बावीस वर्षांत कोणा बातमीदारानं दिलं नव्हतं. मी ते वहीत जसंच्या तसं लिहून घेतलं. तीन आठवड्यांनी अक्का स्वतःच्या हातानं अंबाडा घालू लागल्या. धूर पुष्कळ कमी झाला होता, पण गेला नव्हता, आणि त्या पारोळ्याला परतल्या.

जळगावहून धुळ्याला जाणारी एसटी पारोळ्यावरूनच जाते. गुरुवारी मी वाटेत तिथे उतरू लागले, अक्कांकडे तासभर काम घेऊन पुढची गाडी धरू लागले. फाल्गुनात त्या म्हणाल्या, सतरंजीवर काही दुखत नाही, पण एका लग्नाचे मांडे केले आणि रात्री धूर पुन्हा भरला. मी विचार केला की मग बातमी सतरंजीवर नाही, चुलीपाशी आहे. घटनास्थळी जायला हवं. तोवर मी कोणाचंही काम पाहायला गेले नव्हते. हे सुचल्याचा मला अभिमान वाटला, हे नमूद करायला हवं.

पुढच्या गुरुवारी अक्कांनी परसात चूल पेटवली. सून छाया पुरणाचे उंडे करून देत होती. मी माझा मोबाईल एका स्टुलावर डब्याला टेकवून उभा केला आणि चित्रण सुरू केलं. अक्कांनी सहा मांडे केले, सहाही बिनचूक. मग सावलीत बसून मी ते चित्रण गती कमी करून पाहिलं. तीनदा पाहिलं.

मांडा कोपराजवळ आला की अक्कांचं उजवं कोपर झटकन वर जात होतं, खांद्याच्या रेषेपर्यंत. त्याच क्षणी त्या श्वास रोखत होत्या आणि मान डावीकडे टाकत होत्या. डोळ्याची पापणी लवते तेवढाच काळ. एका मांड्याला एकदा, शंभर मांड्यांना शंभर वेळा. डावं कोपर खालीच राहत होतं आणि डावा खांदा दुखत नव्हता. यापेक्षा सरळ पुरावा काय हवा?

उपसंपादकाचं काम जास्तीचं काढून टाकणं हे असतं. मला ते वर जाणारं कोपर जास्तीचं दिसलं.

मी अक्कांना हाक मारली आणि चित्रण दाखवलं. त्यांनी स्वतःला मांडे करताना कधी पाहिलं नव्हतं. पाहणार कशा? त्यांची नजर खापरावर असे. त्या पदरानं हात पुसत पाहत राहिल्या.

“मी अशी करस?”

“हो. हे बघा, इथे. कोपर वर जातं, श्वास थांबतो.”

“चाळीस वरीस झायात,” त्या हसून म्हणाल्या, “मनं कोपर मांगे कोठे उडस, माले बी माहीत नही. कोंबडीसारखं दिखस.”

छाया उंडे सोडून पाहायला आली. “आत्याबाई, पुन्हा लावा ना,” ती म्हणाली. आम्ही पुन्हा लावलं. तिघी हसलो. मग मी अक्कांना सांगितलं की कोपर खाली ठेवून, श्वास सोडत करून पाहा. त्यांनी करून पाहिलं. मांडा जरा लहान झाला, जरा जाड झाला, पण झाला. मी म्हटलं, सवयीनं पातळ होईल. रोज दोन करा, सावकाश, कोपराकडे लक्ष ठेवून.

कोपराकडे लक्ष ठेवून, हे शब्द माझे.

अक्कांनी माझं ऐकलं. त्या कोणतीही गोष्ट अर्धवट करणाऱ्या बाई नव्हत्या. चैत्र संपेपर्यंत धूर पूर्ण गेला. उजवा हात डाव्याइतका वर जाऊ लागला. मधल्या काळात लग्नाचे मांडे त्यांनी मुद्दाम घेतले नाहीत. “अखाजीलेच डायरेक बसू,” त्या म्हणाल्या. घरी दोन-दोन करत होत्या. ते कसे होत होते हे मी विचारलं नाही, दुखतं का एवढंच विचारलं. दुखत नव्हतं. मी हे प्रकरण नीट लिहून काढलं, ‘कामाच्या जागी केलेलं निरीक्षण’ असा मथळा दिला आणि पुण्याच्या बाईंना दाखवायला बाजूला ठेवलं.

अखाजीला अक्कांनी मला जेवायला बोलावलं. मंगल आली होती. परसात गल्लीतल्या सात-आठ माहेरवाशिणी जमल्या होत्या, लिंबाला झोका बांधला होता, पातेलं भरून रस तयार होता. अक्का नवं लुगडं नेसून खापरासमोर बसल्या. सगळ्यांना ऐकू जाईल असं म्हणाल्या, “दखा वं, मना हात नवा करी दिधा या ताईनी.”

पहिला मांडा उजव्या बाजूनं फाटला. पुरण खापरावर सांडलं आणि करपलं. पहिला मांडा कधीकधी जातो. खापर पुरतं तापलेलं नसतं.  छायानं खापर खरवडून पुसलं.

दुसरा मांडा हातावरच फाटला.

“अक्का,” शेजारची एक बाई झोक्यावरून म्हणाली, “आज मांडाले भोकं कशी वं?”

“चायनी करेल शे,” अक्का म्हणाल्या. “रस गायाले व्हयी.”

चाळणीनं रस गाळायच्या गोष्टीवर हसू झालं. तिसरा मांडा फाटला नाही, पण एका बाजूला पुरणाचा गोळा आणि दुसऱ्या बाजूला नुसती कणीक. तो कोणाला वाढता येण्यासारखा नव्हता. चौथ्या वेळी मी अक्कांच्या नजरेकडे पाहिलं. त्या खापराकडे पाहत नव्हत्या. स्वतःच्या उजव्या कोपराकडे पाहत होत्या.

चौथा फाटला. पाचव्याला त्यांनी कोपर मुद्दाम वर नेलं, पूर्वीसारखं. पण पूर्वी ते आपोआप जात असे. आता ते उचललेलं होतं, आणि उचललेलं कोपर एक क्षण उशिरा पोचलं. मांडा मध्यभागी उघडला.

झोका थांबला होता. अक्कांनी हातावरची कणीक परातीत काढली आणि माझ्याकडे वळून विचारलं, अगदी साध्या आवाजात, जसं वर्गात विचारत तसं.

“ताई, कोपर वर करू का खाले?”

 मी म्हटलं, “तुम्हाला जमेल तसं.” चाळीस वर्षांत त्यांना हा प्रश्न पडला नव्हता. तो मी त्यांच्या हातात ठेवला होता.

मंगल पुढे झाली, म्हणाली, “आई, ऊठ, ऊन लागलंय तुला.” अक्का उठल्या. छायानं तवा चढवला आणि लाटून पुरणपोळ्या केल्या. चांगल्या झाल्या होत्या. माहेरवाशिणींनी रसाबरोबर त्या खाल्ल्या, अक्कांनी प्रत्येकीला आग्रह करून वाढलं. मलाही वाढलं. मला वाढताना त्यांचा उजवा हात माझ्या खांद्यावरून सहज पुढे आला. कुठेही अडला नाही.

दुसऱ्या दिवशी मी पुण्याला बाईंना फोन केला आणि सगळं क्रमानं सांगितलं. त्यांनी मध्ये टोकलं नाही. शेवटी एकच विचारलं.

“तिला चित्रण का दाखवलंस?”

“पुरावा होता म्हणून.”

“कोणासाठी?”

 मग त्या म्हणाल्या, त्यांनी आम्हाला शिकवताना सांगितलं होतं की लक्ष सतरंजीवर ठेवायला शिकवा, मुरलेल्या हाताला कामात लक्ष द्यायला लावू नका. मला ते आठवत नव्हतं. वही काढून पाहिली. होतं. माझ्याच अक्षरात होतं. वर्ग सुरू करताना मी त्या वहीतून स्वतःसाठी तीन पानांचं टाचण केलं होतं. त्या टाचणात ते वाक्य आलं नव्हतं.

ते चित्रण मी नंतर पुन्हा पाहिलं, खूपदा. खांद्यासाठी न पाहता मांड्यासाठी पाहिलं. तेव्हा दिसलं की कोपर वर जातं त्या क्षणी मांडा उताराला लागतो, आणि कोपराजवळ साठलेलं पुरण हातभर पसरतं. श्वास रोखला नाही तर हात थरथरतो आणि कणीक त्या थरथरीनं उघडते. मी जे जास्तीचं म्हणून काढलं होतं, त्यावरच सगळं उभं होतं. खांद्याचं दुखणं ही त्याची किंमत होती आणि अक्का ती चाळीस वर्षं मोजत होत्या. त्यांना किंमत कमी करून हवी होती. मी मालच उचलून नेला.

मी सुधारायचा प्रयत्न केला. पूर्ण पावसाळाभर गुरुवारी पारोळ्याला उतरत राहिले. डोळे मिटून करा, म्हटलं. गप्पा मारत करा, म्हटलं. अखाजीची गाणी म्हणत करा, म्हटलं. एकदा छायाशी तिच्या माहेरच्या भांडणाबद्दल बोलता बोलता अक्कांच्या हातून पहिल्यासारखा मांडा खापरावर पडला, पातळ, गोल, भोक नसलेला. तिघींनीही तो पाहिला. पाहिला हेच पुरेसं झालं. पुढचा फाटला.

त्या दिवशी चूल विझवताना अक्का म्हणाल्या, “मनं दुखनं माले वापस दे, ताई. त्यानासंगे मी निभाडी लेसू.”

त्या हसत म्हणाल्या होत्या. मी ते वाक्य वहीत लिहून घेतलं नाही. त्यानंतर त्यांनी लग्नाचे मांडे घेणं बंद केलं. लोकांना सांगितलं, वय झालं. लोकांनी ते मानलं, आणि मला कोणी कधी दोष दिला नाही. मंगल वर्गात येत राहिली. नाना तर म्हणाले, “बाईना हात बरा झाया ना? मंग काय?” मी त्यांना काही सांगायला गेले नाही.

चित्रण मी मोबाईलमधून काढून टाकलं. ते लिहून ठेवलेलं प्रकरण बाईंना पाठवलं नाही. त्यानंतर मी कोणाच्या कामाच्या जागी गेले नाही. नवा माणूस आला की पाच प्रश्नांच्या आधी एक वेगळा प्रश्न विचारू लागले: तुमच्या हातून काय चांगलं होतं? जे चांगलं होतं त्याच्याजवळ मी जात नसे. या सावधपणामुळे काही जणांना कमी गुण आला असेल. त्यांची यादी माझ्याकडे नाही.

वर्ग बंद केला त्या वर्षी, अखाजीला, मी पारोळ्याला गेले. आमंत्रण नव्हतं. मंगलनं सहज सांगितलं होतं की छाया आता मांडे शिकते आहे, आणि आई शिकवते आहे.

परसाच्या दारातून मी पाहिलं. छाया खापरासमोर बसलेली होती. अक्का तिच्याकडे पाठ करून, भिंतीकडे तोंड करून, पाटावर बसल्या होत्या. हातात पंखा होता. मांडा खापरावर पडल्याचा आवाज आला की त्या नुसत्या आवाजावरून सांगत, “जाड व्हयना,” किंवा “कोरडी शे कनीक,” किंवा मांडा बरा पडला तर काहीच सांगत नसत. वळून पाहत नव्हत्या. छायाला स्वतःच्या हाताकडे पाहायला वेळच मिळू नये म्हणून तिला एकीकडे तिच्या माहेरचं काहीबाही विचारत होत्या. हे शिकवणं त्यांना कोणी शिकवलं नव्हतं.

माझी चाहूल लागली तशी त्यांनी वळून पाहिलं. उठल्या, जवळ आल्या, माझ्या दंडाला धरलं.

“उनी का वं ताई? मान कशी शे?”

“बरी आहे.”

“बलावं नही तरी रसना टाईमले बरोबर उनी तू,” त्या हसल्या. मग दंडावरचा हात न काढता मला ओट्याकडे वळवलं. “तू भाईर बस. तठे वारा शे. तू दखशी तं तिना हात बिघडी जाई.”

मी बाहेर ओट्यावर बसले. पाहणं आणि नोंदवणं हे माझं आयुष्यभराचं काम, आणि मला कोणी घटनास्थळावरून उठवलं असेल तर ती हीच वेळ. आतून मांडे पडल्याचा आवाज येत राहिला. मध्ये एकदा करपल्याचा वास आला. मग पुन्हा आवाज, थोडा मोकळा, सपाट, ओल्या कापडासारखा. भिंतीआडून अक्का काही बोलल्या नाहीत.

थोड्या वेळानं छायानं ताट आणून दिलं. मांडा पातळ होता, पुरण कडेपर्यंत पोचलेलं होतं. मी तो खाल्ला. तिचं कोपर वर जातं की खाली राहतं, मी विचारलं नाही.